बॅटरी किती मोठी घ्यावी?

समजण्यासाठी आपण एक घर घेऊ. हे घर मानोरा तालुक्यात आहे. गावाबाहेर, शेतात आहे. भोवती सोयाबीन, तूर आणि कपाशी. रात्री रानडुकरे येतात, रोही येतात. पिकाची राखण करावी लागते. म्हणून भाऊ, वहिनी आणि त्यांची मुलगी शेतातच राहतात. तिथवर विजेची तार गेलेली नाही. छपरावर एक सोलर पॅनेल आहे. दिवसा पॅनेल बॅटरी भरते. रात्री बॅटरी घर चालवते.

भाऊ आणि वहिनी दोघेही संध्याकाळी साक्षरता वर्गाला येतात. एक दिवस भाऊ आले ते तोंड पाडूनच.

गुरुजींनी विचारले, “काऊन भाऊ, आज तोंड उतरलं?”

“काय सांगू गुरुजी, बॅटरी मेली. सहा महिनेही झाले नाहीत. सोयाबीनच्या पैशातून घेतली होती. पोरगी दहावीले आहे. रात्री अभ्यासाले उजेड नाही.”

“कोणती बॅटरी घेतली होती?”

“ट्रॅक्टरची. नवीच होती. 80 ची. स्वस्त भेटली. म्हटलं, बॅटरी म्हणजे बॅटरी. पहिले आठ दिवस पंखा रात्रभर चालला. मग रात्री दोन वाजता बंद पडू लागला. मग अकरा वाजता. आता दिवासुद्धा लागत नाही.”

गुरुजी म्हणाले, “भाऊ, यात बॅटरीचा दोष नाही. हिशेबाचा दोष आहे. आता तुम्हाला बेरीज येते, गुणाकार येतो. वही काढा. आज बॅटरीचाच हिशेब करू.”

वाचकहो, तो हिशेब आपणही करू. पैसा आपल्या घामाचा आहे. तो पाण्यात जाऊ नये.

बॅटरी म्हणजे कणगी

कणगीत धान्य साठवतात. बॅटरीत वीज साठवतात. कणगी किती पोत्यांची, हे आपण विचारतो. तसेच बॅटरी किती अँपिअर-तासांची, हे विचारायचे. बॅटरीवर हा आकडा छापलेला असतो. त्याच्यापुढे इंग्रजीत ‘एएच’ अशी दोन अक्षरे असतात. 80 लिहिले असेल तर 80 अँपिअर-तास. 150 लिहिले असेल तर 150 अँपिअर-तास.

दुसरा आकडा व्होल्टचा. घरची एक बॅटरी बहुधा 12 व्होल्टची असते. या दोन आकड्यांचा गुणाकार करा. किती वीज साठते ते कळते.

80 गुणिले 12 म्हणजे 960. हे झाले वॅट-तास.

150 गुणिले 12 म्हणजे 1800 वॅट-तास.

विजेच्या बिलावर युनिट लिहिलेले असते. 1000 वॅट-तास म्हणजे 1 युनिट. म्हणजे 80 च्या बॅटरीत पुरते एक युनिटही मावत नाही.

ट्रॅक्टरची बॅटरी वेगळी, घराची वेगळी

बॅटरीच्या पोटात शिशाच्या पट्ट्या असतात. त्या पाणी मिसळलेल्या गंधकाच्या तेजाबात बुडालेल्या असतात. तेजाब म्हणजे ॲसिड. शिसे आणि तेजाब यांच्या मेळातून वीज साठते आणि परत मिळते. ही बॅटरी आजकालची नाही. फ्रान्स देशातील गास्तों प्लान्ते यांनी ती 1859 साली बनवली.

ट्रॅक्टर सुरू करताना क्षणभर फार मोठा जोर लागतो. म्हणून त्या बॅटरीत पातळ पट्ट्या पुष्कळ घालतात. ती दोन-चार सेकंद जोर लावते. इंजिन सुरू झाले की इंजिनच तिला पुन्हा भरते. तिची कणगी कधी खाली होतच नाही.

घराचे काम उलटे आहे. जोर थोडा, पण तो रात्रभर लागतो. रोज कणगी उतरते, रोज भरते. पातळ पट्ट्यांना हे सोसत नाही. त्यांच्यावरचा लेप झडतो. काही महिन्यांत बॅटरी मरते.

शर्यतीचा बैल शंकरपटात पळवावा. त्याला दिवसभर नांगराला जुंपू नये. घरासाठी जाड पट्ट्यांची बॅटरी लागते. तिच्यातली एक जात ‘ट्यूब्युलर’ या नावाने मिळते. तिच्या पट्ट्यांचा लेप नळ्यांमध्ये बसवलेला असतो. तो लवकर झडत नाही. दुकानात सांगा, “रोज उतरणारी आणि रोज भरणारी बॅटरी पाहिजे.”

बियाणे खाऊ नका

आता मुख्य गोष्ट. बॅटरीवर 150 लिहिले आहे, म्हणून सगळे 150 वापरायचे का? नाही. निम्मेच वापरायचे. 75 वापरायचे आणि 75 आत ठेवायचे.

भाऊ म्हणाले, “म्हणजे अर्धी बॅटरी फुकट पडून राहते म्हणा ना! पैसे पुऱ्याचे द्यायचे अन् वापरायची अर्धी?”

वहिनी मध्येच बोलल्या, “फुकट कशी? आपण सोयाबीनचं घरचं बियाणं पोत्यात राखून ठेवतो. ते काय फुकट असते? ते विकून खाल्लं तर मिरगात पेरसान काय?”

गुरुजी खूश झाले. “वहिनींनी बरोबर ओळखले. बॅटरीचा खालचा अर्धा भाग म्हणजे बियाणे.”

असे का? बॅटरी उतरते तेव्हा तिच्या पट्ट्यांवर एक पांढरा थर चढतो. बॅटरी भरली की तो विरघळतो. थोडी उतरली तर थर पातळ राहतो. तळापर्यंत उतरली तर थर जाड होतो. आणि ती तशीच रिकामी पडून राहिली तर थराचे खडे बनतात. दमट जागी पडलेल्या युरियाचे खडे होतात ना, तसे. मग ते पुन्हा भरल्यानेही विरघळत नाहीत. तेवढी जागा कायमची मेली. म्हणून बॅटरी दिवसेंदिवस लहान होत जाते.

बॅटरीचे आयुष्य वर्षांत मोजतात, तसेच फेऱ्यांतही मोजतात. एकदा उतरली आणि भरली की एक फेरी झाली. रोज तळापर्यंत उतरवली तर फेऱ्या थोड्या मिळतात. निम्मीच उतरवली तर फेऱ्या साधारण दुप्पट मिळतात, कधी त्याहून जास्तही मिळतात.

एक चूक पुष्कळ लोक करतात. इन्व्हर्टर टीं-टीं वाजेपर्यंत पंखा चालवतात. त्यांना वाटते, आता बॅटरी निम्मी झाली असेल. तसे नसते. इन्व्हर्टर वाजतो तेव्हा बॅटरी जवळजवळ रिकामी झालेली असते. बियाणेही संपत आलेले असते.

घराचा हिशेब मांडू

भाऊंच्या घरात एका रात्री काय काय चालते? प्रत्येक वस्तूवर तिचा वॅटचा आकडा असतो. तो आकडा घ्या. त्याला तासांनी गुणा.

4 दिवे, प्रत्येकी 10 वॅट, 4 तास: 160 वॅट-तास.

1 पंखा, 75 वॅट, 6 तास: 450 वॅट-तास.

2 मोबाइल: 30 वॅट-तास.

एकूण 640 वॅट-तास.

पण इन्व्हर्टर आपला वाटा घेतो. गिरणीत दळण टाकले की थोडे पीठ जात्यातच राहते, तसे. बॅटरीतून 100 घेतले तर घराला साधारण 80 मिळतात. म्हणून 640 ला 80 ने भागा आणि 100 ने गुणा. उत्तर 800. म्हणजे एका रात्री बॅटरीतून 800 वॅट-तास निघतात.

आता 800 ला 12 ने भागा. उत्तर सुमारे 67. म्हणजे एका रात्रीला 67 अँपिअर-तास लागतात.

भाऊंची बॅटरी होती 80 ची. रोज 80 पैकी 67 काढायचे. बियाणे कुठे उरले?

आता बियाण्याचा नियम लावा. 67 ची दुप्पट 134. बाजारात त्याहून वरची मोठी बॅटरी 150 ची मिळते. ती घ्यावी. थोडे जास्तीचे राहिले तरी चालते. बॅटरी म्हातारी होते तशी तिची कणगी लहान होते. ते जास्तीचे तेव्हा कामाला येते.

दोन बॅटऱ्यांवर एकच आकडा

दुकानात आणखी एक गोष्ट पाहा. 150 च्या शेजारी ‘सी 10’ किंवा ‘सी 20’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ सोपा आहे. सी 20 म्हणजे ही बॅटरी 20 तासांत हळूहळू उतरवली तर 150 मिळतील. सी 10 म्हणजे 10 तासांत उतरवली तरी 150 मिळतील.

बॅटरी हळू उतरवली तर जास्त देते. घाईने उतरवली तर कमी देते. डोक्यावर ओझे घेऊन चालत गेले तर माणूस लांब जातो. पळत गेले तर लवकर दमतो. म्हणून 150 लिहिलेल्या दोन बॅटऱ्यांपैकी सी 10 वाली थोडी जास्त दमदार. सोलरच्या कामाला तीच बरी. किमतीची तुलना करताना दोन्हींवर एकच ‘सी’ आहे का, ते वाचा. वाचता येते याचा हा फायदा.

कणगी मोठी, पण भरणार कोण?

भाऊ म्हणाले, “मग 150 कायले? 200 ची घेतो. झंझटच नको.”

गुरुजी म्हणाले, “थांबा. घरी पॅनेल किती वॅटचे आहे?”

“100 चे.”

इथे दुसरी चूक सापडली. दिवसभरात कडक ऊन धरले तर साधारण 4 ते 5 तासांचे. 100 वॅटचे पॅनेल दिवसाला 400 ते 500 वॅट-तास देते. घराला हवे 800. आणि बॅटरीही भरताना थोडे खाते. 800 परत मिळवायचे तर 1000 घालावे लागतात. म्हणजे आमदनी 500 आणि खर्च 1000. अशी बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. ती कायम अर्धपोटी राहते. तिच्या पोटात खडे बनत जातात.

कणगी कितीही मोठी आणा, पीकच कमी असेल तर ती भरणार नाही. म्हणून नुसती मोठी बॅटरी आणणे हाही उपाय नव्हे. बॅटरी आणि पॅनेल यांची जोडी जमली पाहिजे. बैलजोडी जमते तशी.

1000 ला 4 ने भागा. उत्तर 250. म्हणजे कमीत कमी 250 वॅटचे पॅनेल हवे. धूळ बसते, ढग येतात. म्हणून 300 च्या वर असलेले बरे. 12 व्होल्टच्या बॅटरीसाठी असलेली 160 वॅटची दोन पॅनेल लावली की 320 होतात. मध्ये 30 अँपिअरचा चार्ज कंट्रोलर लावावा. तो बॅटरीला गरजेपेक्षा जास्त भरू देत नाही.

झडीचे दिवस

वहिनींनी विचारले, “गुरुजी, श्रावणात झड लागते. दोन-दोन दिवस सूर्य दिसत नाही. तेव्हा काय करायचं?”

प्रश्न खरा आहे. झडीत पॅनेल फारच थोडे देते. दोन रात्री काढायच्या तर 67 ची दुप्पट 134 लागतील. आणि बियाणे राखायचे तर 268 ची बॅटरी लागेल. एवढा पैसा आणायचा कोठून?

यावर स्वस्त उपाय आहे. खर्च कमी करा. वर पाहा, 640 पैकी 450 एकटा पंखा खातो. आता ‘बीएलडीसी’ असे लिहिलेले पंखे मिळतात. ते सुमारे 30 वॅटमध्ये चालतात. 30 गुणिले 6 म्हणजे 180.

आता नवी बेरीज करू. दिवे 160, पंखा 180, मोबाइल 30. एकूण 370. इन्व्हर्टरचा वाटा धरून सुमारे 463. त्याला 12 ने भागले तर सुमारे 39 अँपिअर-तास.

दोन रात्रींचे झाले 78. त्याची दुप्पट 156. म्हणजे तीच 150 ची बॅटरी आता झडीच्या दोन रात्रीही काढते. आणि इतर दिवशी ती निम्मीसुद्धा उतरत नाही. मोठी बॅटरी घेण्यापेक्षा पंखा बदलणे स्वस्त पडले.

म्हणून ध्यानात ठेवा. आधी खर्च कमी करा, मग बॅटरी मोजा.

भाऊंनी विचारले, “कुंपणाच्या झटका यंत्रालेही असाच हिशेब लावायचा का जी?”

होय, तसाच. यंत्रावर किती अँपिअर लिहिले आहे ते पाहा. समजा, ते पाव अँपिअर घेते. रात्रीच्या 12 तासांचे झाले 3 अँपिअर-तास. झडीच्या 3 रात्रींचे 9. त्याची दुप्पट 18. म्हणजे 18 किंवा त्याहून थोडी मोठी बॅटरी. एक गोष्ट मात्र कधीही करू नका. घरच्या विजेची तार कुंपणाला जोडू नका. त्याने माणसे मरतात, गुरे मरतात. तो गुन्हाही आहे.

स्वस्त कोणती, महाग कोणती?

समजा, ट्रॅक्टरची बॅटरी 6000 रुपयांना मिळाली. ती सहा महिने चालली. म्हणजे वर्षाला खर्च 12000 रुपये. समजा, घराची मोठी बॅटरी 15000 रुपयांना मिळाली. नीट वापरली आणि चार वर्षे चालली. 15000 भागिले 4 म्हणजे वर्षाला 3750 रुपये. आता सांगा, स्वस्त कोणती?

दुकानात किंमत विचारा. पण घरी येऊन ती वर्षांनी भागा. मगच खरी किंमत कळते.

बाजारात लिथियमची बॅटरीही आली आहे. ती हलकी असते. तिला पाणी घालावे लागत नाही. तिच्यातले 100 पैकी 80 ते 90 वापरले तरी चालते. तिच्या फेऱ्याही जास्त असतात. पण ती घेताना पैसा एकदम जास्त लागतो. आणि तिला चालणाराच चार्जर लागतो. जुन्या चार्जरवर ती चालेल का, हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

बॅटरीची निगा

चांगली बॅटरी आणली, तरी निगा हवीच.

पाणी: पाण्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घाला. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घालू नका. त्यात क्षार असतात. ते पट्ट्यांना मारतात. पाण्याची खूण दर महिन्याला पाहा. पट्ट्या उघड्या पडू देऊ नका. पाणी कमी झाले म्हणून ॲसिड घालू नका.

ऊन: बॅटरीला उष्णता सोसत नाही. 10 अंश उष्णता कायम वाढली तर तिचे आयुष्य साधारण निम्मे होते. आपल्याकडे मे महिन्यात टीन कसे तापते, ते सांगायला नको. म्हणून बॅटरी टिनाखाली ठेवू नका. सावलीत, हवा खेळेल अशा जागी ठेवा.

आग: बॅटरी भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. जवळ बिडी ओढू नका. दिवा, चूल, स्टोव्ह जवळ नको. ॲसिड अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेले तर पाण्याने धूत राहा आणि दवाखान्यात जा.

जोडी: जुन्या बॅटरीला नवी बॅटरी जोडू नका. जुनी नवीला खाली ओढते.

माप: कंट्रोलरवर व्होल्टचा आकडा दिसतो. पहाटे, ऊन पडण्याआधी, सगळे बंद करून थोड्या वेळाने तो पाहा. भरलेली बॅटरी साधारण 12.6 ते 12.7 दाखवते. 12.2 म्हणजे निम्मी झाली. 12.2 च्या खाली गेली म्हणजे आपण बियाणे खाऊ लागलो. त्या रात्री पंखा कमी चालवा. दुसऱ्या दिवशी आधी बॅटरी पूर्ण भरू द्या.

मेलेली बॅटरी: ती अंगणात फोडू नका. शिसे हे विष आहे. लहान मुलांच्या डोक्यावर, बुद्धीवर त्याचा परिणाम होतो. जुन्या बॅटरीचे पैसे मिळतात. ती दुकानात परत द्या. भारत सरकारने 2022 साली नियम केले आहेत. त्यांप्रमाणे बॅटरी बनवणाऱ्यांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायच्या आहेत.

भाऊंची वही

भाऊंनी सगळा हिशेब वहीत लिहून घेतला. पुढे ते दुकानात गेले, ते वही घेऊनच. आधी पंखा बदलला. मग पॅनेल वाढवले. मग 150 ची ट्यूब्युलर बॅटरी आणली. सगळे एकदम झाले नाही. तूर विकेपर्यंत थांबावे लागले. तोवर मुलगी गावात मामाच्या घरी अभ्यास करत होती.

आता ती शेतातल्या घरी आहे. रात्री दिव्याखाली वाचते. वहिनी रोज पहाटे कंट्रोलरचा आकडा पाहतात आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहितात. आकडा उतरला की भाऊंना सांगतात, “आज पंखा कमी. बियाण्याले हात लागला.”

ध्यानात ठेवा

1. घरासाठी जाड पट्ट्यांची बॅटरी घ्या. ट्रॅक्टरची घेऊ नका.
2. लिहिलेल्या आकड्याच्या निम्मेच वापरा.
3. आधी खर्च कमी करा, मग बॅटरी मोजा.
4. बॅटरी भरेल एवढे पॅनेल लावा.
5. बॅटरी रिकामी ठेवू नका. लवकर पूर्ण भरा.

करून पाहा

आपल्या घरातील दिवे आणि पंखे मोजा. प्रत्येकाचे वॅट वहीत लिहा. तासांनी गुणा आणि बेरीज करा. बेरजेला 80 ने भागा आणि 100 ने गुणा. आलेल्या उत्तराला 12 ने भागा. मग दुप्पट करा. एका रात्रीसाठी तुमच्या घराला किती अँपिअर-तासांची बॅटरी लागेल? उत्तर वर्गात दाखवा.